समुद्रातील सुरगाठ

गोठ्यात गुरे बांधताना दाव्याला कोणती गाठ मारतात, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? गाठी दोन प्रकारच्या असतात. निरगाठ ओढावी तशी आवळत जाते आणि सोडवायची म्हटली तर नखे दुखू लागतात. सुरगाठीचे तसे नाही. बैलाने कितीही हिसके दिले तरी ती सुटत नाही. पण तिचे मोकळे टोक माणसाने ओढले की एका झटक्यात सुटते. जाणता शेतकरी गुरांना सुरगाठच मारतो. रात्री गोठ्याला आग लागली किंवा ओढ्याला पूर आला, तर निरगाठी सोडवत बसायला वेळ कोठून मिळणार?

तीनशे मीटरच्या आसपास लांबीचे, पोटात कोट्यवधी लिटर तेल असलेले जहाज भर समुद्रात बांधायचे झाले, तरी नेमका हाच प्रश्न उभा राहतो. ते वर्षानुवर्षे जागेवरून हलता कामा नये. आणि संकट आले, तर मात्र काही मिनिटांत मोकळे झाले पाहिजे. ही समुद्रातली सुरगाठ कशी मारतात आणि कशी सोडतात, ते या लेखात पाहू. त्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातील भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

जहाज की कारखाना?

समुद्राच्या तळाखाली तेल सापडले म्हणजे ते वर काढून किनाऱ्यावर आणावे लागते. किनारा जवळ असेल तर तळावरून नळ टाकता येतो. परंतु तेलक्षेत्र किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असेल, समुद्र फार खोल असेल, किंवा तेलाचा साठा बेताचा असेल, तर एवढा लांब नळ परवडत नाही. अशा वेळी तेथे एक जहाजच आणून उभे करतात. तळावरील विहिरींतून येणारे तेल, वायू व पाणी यांचे मिश्रण लवचिक नळांतून या जहाजावर चढते. जहाजावरील यंत्रे हे घटक वेगळे करतात. तेल जहाजाच्या टाक्यांत साठते आणि अधूनमधून दुसरे तेलवाहू जहाज येऊन ते घेऊन जाते. म्हणजे हे जहाज एकाच वेळी कारखाना, कोठार आणि बंदर असते. असे पहिले जहाज १९७७ साली स्पेनच्या किनाऱ्याजवळ कामाला लागले. आज जगातील अनेक समुद्रांत अशी जहाजे आहेत.

आपण उदाहरण घेऊ कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाजवळचे. तेथील सेंट जॉन्स शहरापासून सुमारे ३५० किलोमीटर पूर्वेला ‘व्हाइट रोझ’ नावाचे तेलक्षेत्र आहे. तेथे पाणी सुमारे १२० मीटर खोल आहे. २००५ च्या नोव्हेंबरात या क्षेत्रावर ‘सीरोझ’ नावाचे जहाज तेल काढू लागले. त्याच्या टाक्यांत सुमारे ९ लाख ४० हजार पिंपे तेल मावते. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. गुणाकार करून पाहा. उत्तर जवळजवळ १५ कोटी लिटर येईल. शेजारच्याच ‘टेरा नोव्हा’ क्षेत्रावर याच नावाचे दुसरे जहाज २००२ पासून आहे.

साखळी धरून ठेवते ती कशी?

जहाज नांगराने बांधले जाते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. पण १२० मीटर खोल पाण्यात नांगराची साखळी ताठ उभी असेल, अशी तुमची कल्पना असेल तर ती चुकीची आहे. कपडे वाळत घालण्याची दोरी जशी मध्ये झोळ खाते, तशी ही साखळी जहाजापासून झोळ खात दूरवर जाऊन तळावर टेकते. पुढे बरेच अंतर ती तळावर नुसती पडून असते आणि मग नांगराला मिळते. या वक्राला गणितात कॅटेनरी म्हणतात.

आता वाऱ्याने जहाज एका बाजूला ढकलले असे समजा. विरुद्ध बाजूची साखळी ताणली जाते, म्हणजे तिचा तळावर पडलेला काही भाग उचलला जातो. उचललेल्या साखळीचे वजन आता जहाजाला पेलावे लागते, झोळ कमी होतो आणि साखळीचा आडवा ओढा वाढतो. जहाज जितके दूर सरकेल तितका त्याला परत खेचणारा ओढा जास्त. तुम्ही प्रयोगशाळेत ताणलेल्या स्प्रिंगचा हाच गुण पाहिला आहे. फरक इतकाच की, येथे स्प्रिंगचे काम पोलादाची लवचिकता करीत नसून साखळीचे वजन करीत आहे. शिवाय तळाशी साखळी आडवी पडलेली असल्यामुळे नांगरावर पडणारा ओढाही आडवाच असतो. आडव्या ओढ्याने नांगर मातीत अधिक रुततो. वर ओढला तर तो उपटून येईल.

अशा अनेक साखळ्या चारी दिशांना पसरलेल्या असतात. आणि त्यांची वरची टोके कोठे बांधतात? येथेच खरी गंमत आहे. ती जहाजाला बांधत नाहीत. एका मोठ्या बोयाला बांधतात. कोळ्याच्या शरीरातून पाय फुटावेत तशा या बोयातून साखळ्या निघतात, म्हणून तेथील कामगार त्याला ‘कोळी बोया’ म्हणतात. विहिरींकडून येणारे लवचिक नळही याच बोयात येऊन मिळतात. हा बोया जहाजाच्या बुडाला असलेल्या खोबणीत खालून येऊन बसतो आणि कुलपांनी पक्का होतो.

जाते आणि वातकुक्कुट

जहाजाच्या आत, बोयाच्या बरोबर वर, टरेट नावाचा एक उभा दंडगोल असतो. तो समजण्यासाठी आजीचे जाते आठवा. खालची तळी स्थिर असते, मधला खुंटा स्थिर असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते. येथे बोया व टरेट म्हणजे खुंटा, आणि अख्खे जहाज म्हणजे वरची तळी! साखळ्यांनी जखडलेला खुंटा हलत नाही. प्रचंड बेअरिंगच्या आधाराने जहाज त्याभोवती गरगर फिरू शकते. तेल स्थिर नळांतून फिरत्या जहाजात नेण्यासाठी वरच्या बाजूला फिरते सांधे असतात.

जहाज फिरू देण्याची गरज काय? जहाज लांबट असते. लाटा त्याच्या कुशीवर आदळल्या तर ते भयंकर डोलते आणि साखळ्यांवर फार ताण येतो. तोंडावर घेतल्या तर तेच जहाज त्या सहज कापते. शाळेतील हवामान केंद्रावरचा वातकुक्कुट जसा आपोआप वाऱ्याकडे तोंड करतो, तसे टरेटभोवती मोकळे असलेले जहाज वारा, लाटा व प्रवाह यांच्या एकत्रित जोराकडे तोंड करून उभे राहते.

तेव्हा वाऱ्यापुढे आणि लाटांपुढे टिकून राहण्याची सोय झाली. पण न्यूफाउंडलंडच्या समुद्रात वाऱ्याहून मोठे एक संकट आहे.

हिमनगाचा हिशेब

वसंत ऋतूत ग्रीनलंडच्या हिमनद्यांपासून तुटलेले हिमनग प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे वाहत येतात. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली ती याच सागरभागाच्या दक्षिणेस. बर्फाची घनता सुमारे ९०० आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर. म्हणून हिमनगाचा सुमारे ८८ टक्के भाग पाण्याखाली असतो. काही हिमनग इतके खोल असतात की ते समुद्राचा तळ खरवडत जातात. त्यामुळेच येथील विहिरींची तोंडे तळावर खड्डे खणून त्यांत बसवलेली आहेत.

हिमनग फार सावकाश येतो. मग त्याची एवढी भीती का? हिशेब करू. एका हिमनगाचे वस्तुमान १ लाख टन, म्हणजे १० कोटी किलोग्रॅम, आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर धरू. हा वेग आपल्या चालण्याहूनही कमी आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. उत्तर येते १ कोटी २५ लाख ज्यूल. दहा टनांचा ट्रक ताशी १८० किलोमीटर वेगाने येऊन आदळला, तर एवढीच ऊर्जा आणील. या जहाजांचे कवच बर्फासाठी मुद्दाम जाड केलेले असते. लहानसहान धक्के ते सोसते. पण हिमनग १० लाख टनांचा असेल तर असे दहा ट्रक एकदमच आदळतील.

याला उपाय दोन. पहिला, इतके भक्कम व्हायचे की हिमनगच फुटावा. याच समुद्रात ‘हायबर्निया’ नावाचे काँक्रीटचे बेट १९९७ पासून ८० मीटर पाण्यात तळावर बसवलेले आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीला करवतीसारखे सोळा दाते आहेत. दहा लाख टनांच्या हिमनगाने त्याला इजा होऊ नये, आणि साठ लाख टनांच्या हिमनगाने झालेली इजा दुरुस्त करता यावी, अशा हिशेबाने ते बांधले आहे. पण असे बेट प्रत्येक तेलक्षेत्रावर उभारणे परवडत नाही. म्हणून दुसरा उपाय: वाटेतून बाजूला व्हायचे.

अर्थात प्रत्येक हिमनगासाठी जहाज सोडत नाहीत. विमाने व रडार यांच्या साहाय्याने हिमनगांवर दुरूनच पाळत ठेवतात. एखादा सरळ अंगावर येत असेल तर लहान जहाजे त्याला लांब दोराचा फास टाकून ओढतात. चार-दोन अंशांनी मार्ग वळला तरी तो पुढे बराच लांबून निघून जातो. हे साधले नाही, तरच सुरगाठीचे टोक ओढायचे.

गाठ सुटते कशी?

प्रथम तळावरील झडपा मिटवून विहिरी बंद करतात. सवड असेल तर नळांतील तेल काढून त्यांत पाणी भरतात. मग बोया व जहाज यांच्यामधील झडपा दोन्ही बाजूंनी बंद करून नळांचे सांधे सोडतात. शेवटी कुलपे उघडतात. बोया खोबणीतून निसटून खाली जातो आणि जहाज स्वतःच्या इंजिनांवर निघून जाते. टेरा नोव्हा जहाजाची रचना करताना हे काम सावकाशीने केल्यास सुमारे चार तासांत आणि आणीबाणीत पंधरा मिनिटांत व्हावे, असे ठरवले होते.

आता चौकस विद्यार्थी विचारील: निसटलेला बोया जातो कोठे? तो वर तरंगत राहिला तर लाटा आणि बर्फ त्याला ठोकरतील. तळाला गेला तर साखळ्या आणि नळ यांचा गुंता होईल आणि तो पुन्हा वर कसा आणायचा? गंमत अशी की, तो पाण्याच्या मध्येच ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो. तेथे त्याला कोणी धरून ठेवलेले नसते, कोणते यंत्रही चालू नसते. त्याला थांबवतो तो आर्किमिडीज!

बादलीतील प्रयोग

हे तुम्ही घरी करून पाहू शकाल. साहित्य: खोल बादली, घट्ट झाकणाची लहान प्लास्टिकची बाटली, थोडी वाळू आणि सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची बारीक धातूची साखळी. साखळीचे एक टोक बाटलीच्या बुडाला पक्के बांधा व दुसरे मोकळे सोडा. बादली पाण्याने भरून बाटली आत सोडा. बाटली वर तरंगली तर तिच्यात चिमूट चिमूट वाळू घाला. तळाला बसली तर वाळू काढा. थोड्या खटपटीने अशी वेळ येईल की बाटली पाण्याच्या मध्येच उभी राहील. साखळीचा काही भाग तिला लोंबकळत असेल आणि उरलेला तळावर पडलेला असेल. आमच्या महाविद्यालयात हा प्रयोग केला तेव्हा पहिली बाटली झाकणातून गळून बुडाली. म्हणून झाकणाला मेण लावायला विसरू नका.

आता बाटली बोटाने थोडी खाली दाबून सोडा. ती पुन्हा वर येते. थोडी वर उचलून सोडा. ती पुन्हा खाली जाते. असे का होते? पूर्ण बुडालेल्या बाटलीवरील प्लावक बल तिच्या खोलीनुसार बदलत नाही. बदलते ते ओझे. समजा, बाटली स्वतःचे वजन पेलून आणखी २० ग्रॅम ओझे उचलू शकते आणि साखळीच्या प्रत्येक सेंटिमीटरचे पाण्यातील वजन १ ग्रॅम आहे. मग बाटली २० सेंटिमीटर साखळी उचलून धरील. ती ५ सेंटिमीटर खाली दाबली की तेवढी साखळी तळावर टेकते, ओझे ५ ग्रॅमने कमी होते आणि बाटली वर ढकलली जाते. वर उचलली की याच्या उलट. यालाच स्थिर समतोल म्हणतात.

कोळी बोया हा असाच एक मोठा डबा आहे. जहाजाला जोडलेला असताना साखळ्यांचा बराच भार जहाज पेलत असते. तो आधार सुटला की बोया खाली जाऊ लागतो. जसजसा खाली जातो तसतशी साखळी तळावर टेकत जाते आणि ओझे हलके होते. प्लावक बल व ओझे समान झाले की तो थांबतो.

पण एवढ्या खोलीवर लाटा त्याला त्रास देत नाहीत काय? खोल पाण्यातील लाटेचा एक सोपा नियम आहे: तरंगलांबीच्या एक-नवमांश इतके खाली गेले की पाण्याची हालचाल निम्मी होते. शंभर मीटर तरंगलांबीच्या लाटेत ११ मीटरवर ती निम्मी, २२ मीटरवर पाव आणि ३३ मीटरवर फक्त एक-अष्टमांश उरते. वादळातील लाटा याहून लांब असतात. तरीही तीसेक मीटर खाली असलेला बोया वरच्या धिंगाण्यापासून बराच सुरक्षित राहतो.

संकट टळले की जहाज परत येते. बोयाला जोडलेला दोर जहाजावर घेऊन यारीने बोया हळूहळू वर ओढतात, खोबणीत बसवतात आणि कुलपे लावतात. यासाठी मात्र समुद्र शांत असावा लागतो. सोडणे मिनिटांचे काम, जोडणे धीराचे! या सोयीचा आणखी एक फायदा आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी जहाजाला गोदीत जाता येते. सीरोझ २०१२ साली आणि पुन्हा २०२४ साली आयर्लंड बेटावरील बेलफास्टच्या गोदीत जाऊन आले; बोया समुद्रात वाट पाहत राहिला.

हिमनग नसलेल्या समुद्रांतही ही युक्ती उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला तिमोर समुद्रात चक्रीवादळे येतात. तेथील जाबिरू क्षेत्रावर १९८६ पासूनच असे सुटे होणारे जहाज वापरले गेले. मेक्सिकोच्या आखातात २००५ सालच्या कॅटरिना व रिटा या दोन वादळांनी तेलाचे शंभराहून अधिक फलाट उद्ध्वस्त केले होते. त्याच आखातात २०१६ पासून ‘टरिटेला’ नावाचे जहाज सुमारे २९०० मीटर खोल पाण्यावर उभे राहून तेल काढू लागले, तेही अशाच सुट्या बोयाला बांधून.

टोक कोणी ओढायचे?

आतापर्यंतची कथा यंत्राची झाली. पण सुरगाठ आपण होऊन सुटत नाही. तिचे टोक माणसाने ओढावे लागते.

२९ मार्च २०१७ रोजी एक हिमनग सीरोझच्या रोखाने येत होता. ठरलेल्या नियमांनुसार जहाजाने विहिरी बंद करून, बोया सोडून दूर जावयास हवे होते. जहाज सोडले गेले नाही. जहाजावर ८४ माणसे होती आणि टाक्यांत सुमारे ३ लाख ४० हजार पिंपे तेल होते. हिमनग पाव सागरी मैलाच्या आत, म्हणजे ४६० मीटरहूनही जवळ आला. माणसांना एकत्र जमवून धक्क्यासाठी तयार राहण्यास सांगण्यात आले. सुदैवाने हिमनग बाजूने निघून गेला. कोणाला इजा झाली नाही, तेल सांडले नाही. परंतु तेथील देखरेख मंडळाने चौकशी केली आणि नियम असूनही तो पाळला गेला नाही, या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये जहाजाचे काम काही काळ थांबवले. ‘काही झाले नाही ना, मग सोडून द्या’ असे मंडळ म्हणाले नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे.

टोक ओढताना हात का थबकतो, हे समजणे कठीण नाही. जहाज सोडले की उत्पादन बंद, पुन्हा जोडणीला वेळ, आणि हिमनग कदाचित बाजूने जाईलही! प्रत्येक वेळी ‘कदाचित’ खरे ठरते; एखाद्या वेळी मात्र ठरत नाही.

आपल्या किनाऱ्यालाही बोये नवे नाहीत. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली ‘मुंबई हाय’ क्षेत्रात तेल सापडले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. १९७८ साली उरणपर्यंत नळ येईपर्यंत हे तेल समुद्रातच बोयाला बांधलेल्या जहाजांत भरून आणले जात होते. आजही गुजरातेतील वाडीनार आणि ओडिशातील पारादीप येथे मोठी तेलवाहू जहाजे किनाऱ्यापासून दूर बोयाला बांधून रिकामी करतात.

आणि याच समुद्राने एक कटू धडाही दिला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून मिळत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याचा ‘पी-३०५’ हा तराफा समुद्रातच राहिला. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. वादळात नांगर तुटले, तराफा भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नौदलाने उसळत्या समुद्रातून बाकीच्यांना वाचवले. नांगर धरून ठेवतो. पण धरून ठेवणे अशक्य होईल तेव्हा काय, या प्रश्नाचे उत्तर वादळाच्या आधी तयार असावे लागते.

अभियंत्याला नेहमी ‘किती मजबूत?’ असे विचारले जाते. तुमच्यापैकी जे पुढे अभियंते होतील, त्यांनी त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे वेळेवर सुटेल काय? आणि सोडण्याचा हुकूम कोण, केव्हा देणार? तूर्त बादली, बाटली आणि साखळी घ्या. आणि करून पाहण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा: बादलीतील पाण्यात मीठ घातले, तर बाटली वर सरकेल की खाली जाईल?